७१ वर्षांच्या वडिलांना १२५ सीसीवर माळशेजला न्यायचंय. जमेल का?

शाईनवाला_कळवा | मंगळवार, रात्री ११:१०

मंडळी, दोन वर्षं इथं नुसतं वाचतोय. तुमचे लडाखचे, स्पितीचे फोटो बघतो, पॅनियर (गाडीच्या बाजूला लावायच्या पेट्या) कुठले घ्यावेत यावरची भांडणं वाचतो आणि झोपतो. माझी स्वतःची धाव ऐरोलीपर्यंत. कळवा ते ऐरोली, शिफ्टला, आठवड्याचे सहा दिवस. गाडी शाईन १२५, २०१६ ची, चार गिअरवाली, ६१ हजार किलोमीटर पळालेली. पॅनियरच्या जागी डब्याची पिशवी.

प्रश्न घरगुती आहे. आमचे अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. नोकरीची शेवटची अकरा वर्षं त्यांनी कल्याणहून माळशेजमार्गे आळेफाट्याकडच्या गाड्या मारल्या. आम्ही मूळचे ओतूरकडचे, म्हणजे त्यांची ड्युटी आणि गावचा रस्ता एकच. रिटायर होऊन तेरा वर्षं झाली. आता वय ७१, उजवा गुडघा धरतो, बीपीची गोळी चालू आहे, बाकी माणूस टणक.

गणपतीत मेव्हण्याच्या कारने गावी गेलो. एसी लावलेला, काचा वर, मागे पोरं मोबाईलवर. घाट संपून मढ गाव आलं तरी अण्णा गप्प. घरी पोचल्यावर पायरीवर बसून म्हणाले, "घाट कुठं होता रे? मला लागलाच नाही." मग चार दिवसांनी कळव्यात, भाजी निवडता निवडता, माझ्याकडं न बघता, "तुझ्या फटफटीवर बसवत असेल का मला?"

मी हो म्हणून बसलोय. दसरा झाला की पहिल्या रविवारी जायचं ठरवतोय. सुट्टी एकच दिवस, सोमवारी सकाळी सातची शिफ्ट. त्यामुळे ओतूरपर्यंत जायचं नाही, गेलो तर काकू जेवल्याशिवाय सोडणार नाही आणि जेवल्यावर अण्णा उठणार नाहीत. घाट चढायचा, खुबी फाट्यापर्यंत जायचं, फिरायचं. जाऊन-येऊन सव्वादोनशेच्या आत बसेल असं वाटतं.

माझं वजन ७४, अण्णा ६२. गाडी घाटात ओढेल का? त्या गुडघ्याला इतका प्रवास झेपेल का? आणि कल्याणमधून जाऊ की बदलापूर-बारवी करून मुरबाडला निघू? रस्ता मला पाठ आहे, पण खिडकीतून. हँडल धरून घाट कधी चढलेलो नाही. बायको यावर काही बोलत नाही, नुसती बघते.

घोडबंदर_ट्रॅफिक | मंगळवार, रात्री ११:३२

मेव्हण्याची कार परत घ्या आणि काचा खाली करा. प्रश्न सुटला. 😄

शाईनवाला_कळवा | मंगळवार, रात्री ११:४०

मेव्हणा काच खाली करू देत नाही. धूळ येते म्हणे.

आरएक्स_काका | बुधवार, सकाळी ६:०५

तुझ्या प्रश्नात गाडीची काळजी जास्त आणि वडिलांची कमी आहे. उलट कर. त्या रस्त्यावर दूधवाले १०० सीसीच्या गाडीला कॅन लटकवून रोज फिरतात, तुझ्या शाईनला दोन माणसं म्हणजे काहीच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये निवांत चढेल. घाई करू नकोस, चौथ्यात कण्हायला लावू नकोस, एवढंच.

खरा मामला उतरताना आहे. मी १९९३ साली माझ्या आरएक्स १०० वर हाच घाट उतरलोय, मागे नौपाड्यातलाच मित्र. टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग नावापुरतं असतं, थ्रॉटल सोडला तरी गाडी आपली चाललीय मजेत. सगळा भार मागच्या ड्रम ब्रेकवर. अर्ध्या घाटात पायाखालचा ब्रेक खोल जायला लागला आणि जळक्या रबरासारखा वास आला. थांबलो आणि गाढवपणा करून त्या तापल्या ड्रमवर बाटलीतलं पाणी ओतलं. चर्र झालं, वाफ आली. ड्रमला तडा गेला नाही हे नशीब. थंड होईपर्यंत तासभर कठड्यावर बसून होतो. तुझी फोर-स्ट्रोक आहे, तिचं इंजिन धरतं, त्याचा फायदा घे. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे महाभाग असतात, त्यांच्यात जाऊ नकोस.

आता घरी बसून करायची कामं. मागच्या टायरच्या हवेचे दोन आकडे असतात, एकट्याचा आणि दोघांचा. आपण जन्मभर एकट्याच्याच आकड्यावर फिरतो. शनिवारी संध्याकाळी टायर गार असताना दोघांचा भर. मागच्या शॉकअपला खाली खाचा असतात, एक-दोन खाचा कडक करून घे, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात गाडी तळ दाखवेल आणि तो दणका थेट म्हाताऱ्या कमरेत जाईल. चेनकव्हरचं रबरी बूच काढून बोटानं चेन वर-खाली करून बघ, दोन-अडीच सेंटीमीटर खेळली पाहिजे. फार ताणू नकोस, मागे माणूस बसला की ती आणखी ताणते.

आणि एक, जे कुणी ऐकत नाही. ६१ हजार किलोमीटर झालेत ना? क्लच केबल कधी बदललीस? नवीन केबल आण आणि जुनीच्या शेजारून तशीच ओवून, चार ठिकाणी बांधून ठेव. दोन्ही टोकं मोकळी. तुटली की पाच मिनिटांत टोकं बदलायची आणि निघायचं. दीडशे-दोनशे रुपयांचं काम आहे.

पहाटे चारला निघ. कल्याण झोपेत असताना पार झालं की अर्धी लढाई जिंकलीस.

खाडीपलीकडची | बुधवार, दुपारी १:५०

डब्याच्या सुट्टीत लिहितेय, त्यामुळे विस्कळीत असेल.

शाईनवालादादा, मी नेरुळची, हिमालयन ४११. मागच्या महिन्यात आईला (वय ६६) घेऊन नागावला गेले होते, त्यामुळे तुमचा प्रश्न ताजा आहे माझ्याकडे. आम्ही वडखळचा फेरा टाळून करंजाहून लाँचने रेवसला उतरलो. मुंबई-गोवा हायवेच्या त्या पट्ट्यात आईला मागे बसवायची माझी हिंमत नाही. अटल सेतू उलव्यातून दिसतो छान, पण आपल्या दोन चाकांना त्यावर बंदी, सगळ्यांना माहीत आहे. असो. तर दोनशे किलोच्या आसपासची गाडी चौघांनी धरून लाँचमध्ये चढवली आणि तेवढ्या वेळात आईनं त्या चौघांची गावं, पोरंबाळं, सगळी चौकशी पूर्ण केली.

कामाचं सांगते. म्हाताऱ्या माणसाला मागे बसणं अवघड नसतं, चढणं-उतरणं अवघड असतं. साईड स्टँडवर गाडी उभी करून त्यांना फूटरेस्टवर पाय देऊन चढू देऊ नका, सगळं वजन एका बाजूला येतं. तुम्ही आधी बसा, दोन्ही पाय जमिनीवर घट्ट, पुढचा ब्रेक दाबलेला, आणि मग त्यांनी पायरीवरून किंवा फूटपाथवरून सरळ पाय टाकायचा. प्रत्येक थांब्याला आधी पायरी शोधायची, मग चहा. आई पहिल्यांदा दोन्हीकडे पाय टाकून बसली ती पनवेलच्या मावशीच्या ओट्यावरून, आणि मावशी तोंडाला पदर लावून हसत होती.

हेल्मेट. घरातलं जुनं, कुणाचं तरी, सैल, असलं देऊ नका. चष्मा असेल तर जबडा वर होणारं घ्या, नाहीतर दर वेळी चष्मा काढा, हेल्मेट घाला, चष्मा खुपसा. आणि दोन दिवस आधी घरात टीव्ही बघताना वीस मिनिटं घालून बसवा. कपाळावर वळ उठला तर लहान आहे. आईची मान दुसऱ्या दिवशी आखडली होती, कारण मी हे केलं नव्हतं.

गुडघ्यासाठी दर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी उतरवा, दुखो न दुखो. ते "मला काही होत नाही" म्हणतीलच. पाणी पाजा, आणि बाथरूम कुठे आहे ते आधी हेरून ठेवा. या वयाची माणसं वाटेत जावं लागेल म्हणून पाणीच पीत नाहीत, मग चक्कर येते.

बोलता येत नाही म्हणून खुणा ठरवा. आमच्याकडे खांद्यावर एक टकटक म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब.

रस्त्याचं म्हणाल तर आम्ही इकडचे लोक शिळफाटा-काटई-बदलापूर-बारवी करून मुरबाडला निघतो. बारवी धरणाकडची झाडी सुंदर आहे. पण कळव्याहून तुम्हाला तो वळसाच आहे. कल्याणच बरं.

मुरबाडी_माणूस | बुधवार, रात्री ९:२०

काकांचं सगळं मान्य, फक्त पहाटे चार अजिबात नको. जुन्नर, नारायणगाव, ओतूरकडचा भाजीपाला, टोमॅटो रात्रीतून कल्याण-वाशीला उतरतो. पहाटेच्या पिकअपवाल्याला बाजार गाठायचा असतो, त्याला वळणात तुमचा टेललाईट दिसला काय अन् नाही काय. घाटात पाय ठेवाल तो उजाडल्यावर ठेवा. साडेपाचला निघालात तरी आठपर्यंत घाटाच्या तोंडाशी येताय.

दुसरं, सध्या भातकापणी चालू आहे आमच्याकडे. काही ठिकाणी रस्त्याच्या कडेला भात वाळत घातलेलं असतं, पेंढा असतो. पेंढ्यावर ब्रेक मारला की चाक सरकलंच. कुत्री त्या उबेला झोपलेली असतात. शिव्या नका देऊ, खळं करायला जागा उरली नाही म्हणून रस्त्यावर येतं ते.

पेट्रोल मुरबाडलाच टाका. बाथरूमला मुरबाडचा एसटी स्टँड. अण्णांना आवडेल पण.

आणि विनंती, तुमच्यासाठी नाही, वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. रविवारी सकाळी वीस-पंचवीस गाड्या सायलेन्सर काढून आमच्या वस्त्यांतून जातात. आमच्याकडे पण आजारी माणसं असतात, बाळं असतात. एवढंच.

शाईनवाला_कळवा | गुरुवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. हवा, शॉकअप, चेन करून घेतो. हेल्मेट आज आणलं, जबडा वर होणारं. अण्णा आत्ता ते घालून बातम्या बघतायत. आई म्हणते, यांना काय ऐकू येत नव्हतंच, आता बघायलाच नको. केबलचं बघतो काका, गाडी तशी मऊ चालतेय.

शाईनवाला_कळवा | सोमवार, रात्री १०:४५

जाऊन आलो. लांबलचक लिहितोय, ज्यांना वेळ नाही त्यांनी शेवटी काकांची माफी मागितली आहे तेवढी वाचा.

निघायचं साडेपाचला ठरलं होतं. अण्णा चारला आंघोळ करून, देवाला हात जोडून, खाकी स्वेटर घालून गॅलरीत उभे. ऑक्टोबरच्या उकाड्यात स्वेटर. "घाटात लागतो," म्हणाले, आणि लागला. सोसायटीच्या पायरीवरून ताईंनी सांगितल्याप्रमाणे चढवलं. वॉचमननं मुजरा केल्यासारखं गेट उघडलं.

खारेगावहून नाशिक हायवे, रांजनोलीला वळून कोन, दुर्गाडीचा पूल. कल्याणात एक रिक्षा सोडली तर माणूस नाही. शहाडच्या पुलावर खांद्यावर दोन टकटक. मी लगेच कडेला घेऊन थांबलो. काय झालं? गुडघा? बीपी?

"थांबलास का?"

"तुम्ही दोनदा वाजवलं ना."

"मग? रस्ता मोकळा आहे, चल म्हटलं."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. या माणसानं सगळी नोकरी मागून येणाऱ्या घंटीवर केली. एक टिंग, थांब. दोन टिंग, चल. मी त्यांना घरी ताईंची पद्धत समजावली होती, त्यांनी मान पण डोलावली होती, पण मान डोलावणं वेगळं. मी म्हटलं, बरं, तुमचीच पद्धत. तिथून पुढे टिंग-टिंग आली की मी गिअर टाकायचो. रायत्याच्या पुलावर उल्हास नदीवर धुकं साचलं होतं, मला थांबून फोटो काढायचा होता. टिंग-टिंग. फोटो नाही.

मुरबाड स्टँडला उतरवलं. बाथरूमचं काम झालं, चहा झाला. मी पैसे देतोय तोवर अण्णा गायब. बघतो तर फलाटाला लागलेल्या गाडीच्या मागच्या टायरला चपलेनं ठोकून हवा बघतायत. गाडीचा ड्रायव्हर पोरगा, तिशीचा असेल, खिडकीतून बघत होता. काही बोलला नाही, दार उघडून खाली आला आणि म्हणाला, "कुठला डेपो बाबा?" पंधरा मिनिटं गेली. मुरबाडीदादा, तुमचं बरोबर होतं.

सरळगाव, टोकावडे, वैशाखरे. पेंढा होता, कुत्री होती, सगळं तुम्ही सांगितलं तसं. मोरोशीच्या भैरवगडाची ती उभी भिंत उन्हात आली होती. आणि मग घाट.

इथं मला एक गोष्ट नीट सांगायचीय. चढाला लागलो, तिसरा, वळण आलं की दुसरा. प्रत्येक वळणाच्या थोडं आधी अण्णांचा डावा पाय माझ्या पोटरीला लागून खाली दाबला जायचा. पहिल्या दोन वळणांना वाटलं तोल जातोय. हळू केलं. पुन्हा तेच. चौथ्या-पाचव्या वळणाला कळलं, ते क्लच दाबतायत. मी गिअर बदलायच्या क्षणभर आधी. आणि दर वेळी त्यांचं बरोबर, माझं उशिरा. बोगद्याच्या अलीकडं मी त्यांच्या पायावरच गिअर टाकायला लागलो. वरच्या पॉइंटवर उतरल्यावर एवढंच म्हणाले, "वळणाच्या आधी टाकायचा. वळणात नाही. आणि ज्या गिअरनं चढलास त्याच गिअरनं उतरायचं."

पॉइंटवर माकडं, सेल्फीवाले, कणसंवाले. धबधबे आता दोऱ्यासारखे राहिलेत, त्यामुळे पावसाळ्यातली झुंबड नव्हती. मला वाटलं अण्णा दरीकडं बघत बसतील. त्यांनी दरीकडं पाठ केली आणि रस्त्याच्या एका तुकड्याकडं बोट दाखवलं. तिथं एकदा पुढं दरड आली म्हणून त्यांची गाडी रात्रभर अडकली होती. साल आठवत नाही. चाळीसेक प्रवासी, सगळ्यांनी फडक्यातल्या भाकऱ्या सोडून वाटून खाल्ल्या. गाडीत एक बकरी होती हे मात्र पक्कं आठवतं, कारण तिनं कंडक्टरच्या तिकिटांचा गठ्ठा खाल्ला आणि हिशेबाला त्याला घाम फुटला. ही गोष्ट मी ४४ वर्षांत पहिल्यांदा ऐकली. आईला रात्री विचारलं, तिनंही ऐकली नव्हती.

खुबी फाट्यावर पिठलं-भाकरी. एका बाजूला पिंपळगाव जोगाचं पाणी, दुसऱ्या बाजूला हरिश्चंद्रगड असा बसलेला. सॅकवाली चार पोरं खिरेश्वरकडं चालली होती. अण्णा म्हणाले, रात्री दोन-अडीचला हा फाटा यायचा, शेवटच्या बाकावर ही पोरं मेल्यासारखी झोपलेली असायची, कंडक्टर हलवून हलवून उतरवायचा. एकदा एक पोरगं उतरायचं राहिलं ते थेट आळेफाट्याला जागं झालं.

साडेअकराला परत फिरलो. घाट दुसऱ्यात उतरवला, मागचा ब्रेक जेमतेम लागला. काका, वास आला नाही.

आता माफीचा भाग. टोकावड्याला स्पीडब्रेकरसाठी क्लच दाबला आणि लिव्हर हातात मेला. एकदम सैल, बोटाखाली काही नाहीच. गाडी एक आचका देऊन बंद पडली. रबर मागे सरकवून बघितलं तर लिव्हरच्या टोकाशी निपलपासून (तारेच्या टोकाची धातूची गोळी) तार तुटलेली, सुटे धागे शेवंतीच्या पाकळ्यांसारखे उकललेले. एकदोन धागे चकचकीत, बाकी सगळे काळे पडलेले. म्हणजे ते कधीच तुटले होते, गेले कित्येक दिवस दोन धाग्यांवर माझी ऐरोली चालली होती. "मऊ चालतेय" असं मी याच धाग्यावर लिहिलंय, वर जाऊन वाचू शकता. केबल शनिवारी दुकानात हातात घेतली होती. १६० रुपये. म्हटलं सोमवारी बघू.

रविवार, भर दुपार, ऊन. मी घामाघूम. अण्णा झाडाखालच्या दगडावर बसले, गुडघा लांब केला, डबीतली सुपारी तोंडात टाकली. "क्लच गेला म्हणजे गाडी गेली का?"

मग त्यांनी शिकवलं. जुन्या लेलँड बसला म्हणे क्लच नुसता दाबून गिअर पडायचा नाही, दातावर दात घासून किंचाळायचा. दोनदा क्लच मारायचा, मध्ये इंजिनचा आवाज जुळवायचा. "आवाज जुळला की क्लच लागतच नाही. हाताला काही करू नको. आवाज ऐक." पुढे जरासा उतार होता. आधी मला एकट्याला दोन फेऱ्या मारायला लावल्या, ते दगडावरून बघत होते. न्यूट्रलला इंजिन चालू, पायानं ढकलत गाडी सोडायची, जरा वेग आला की पहिला टाकायचा. पहिल्या वेळी खाडकन आवाज झाला, त्यांनी लांबूनच तोंड वाकडं केलं. मग वर जाताना थ्रॉटल केसभर सोडून लगेच पायानं उचलायचं, खाली येताना थ्रॉटलला एक छोटा झटका देऊन दाबायचं. तिसऱ्या वेळी गिअर लोण्यासारखा पडला. मी मागे वळून बघितलं तर ते उठून चड्डीची धूळ झटकत होते. म्हणजे पास.

त्यांना बसवलं, उतारावरून सोडली, आणि सरळगावपर्यंत दहा-बारा किलोमीटर न थांबता आणली. समोर बैलगाडी, शेळ्या, ट्रॅक्टर, दर वेळी पोटात गोळा. आणि खांद्यावर सगळा रस्ता टिंग-टिंग, टिंग-टिंग. सरळगाव नाक्यावर एकच टिंग, न्यूट्रल, थांबलो.

गॅरेज बंद होतं. पंक्चरवाल्याकडं शाईनची केबल नव्हती. त्यानं वरच्या आवरणाचा इंचभर तुकडा कापला म्हणजे आतली तार तेवढी लांब निघाली, टोकाला स्क्रूवाला निपल आवळला, वरून पक्कडीनं तार दुमडली. बारा मिनिटं. साठ रुपये मागितले, अण्णांनी स्वतःच्या खिशातून शंभर दिले आणि उरलेले घेतले नाहीत. हा माणूस कोथिंबिरीच्या जुडीला दोन रुपयांसाठी घासाघीस करतो.

चार वाजून दहा मिनिटांनी घरी. २११ किलोमीटर, पेट्रोल चार लिटरला थोडं कमी. अण्णा पायरीवर उतरले, हेल्मेट काढलं, आणि बायकोला म्हणाले, "बरा चालवतो." तिनं माझ्याकडं बघितलं. या वेळी पण काही बोलली नाही, पण बघणं वेगळं होतं.

काका, माफी.

आरएक्स_काका | मंगळवार, सकाळी ५:५०

माफी राहू दे. मला कुणी सांगितलं तेव्हा मी पण ऐकलं नव्हतं. वडिलांना माझा नमस्कार सांग. क्लचशिवाय गिअर मी पण टाकतो, पण मागे माणूस बसवून उतारावर सोडायची छाती नाही.

खाडीपलीकडची | मंगळवार, दुपारी १:३५

बकरीची गोष्ट आईला वाचून दाखवली. तिचा प्रश्न, तिकिटांचे पैसे शेवटी भरले कुणी?

आणि दोन म्हणजे चल हे एसटीवाल्यांचं माझ्या लक्षातच आलं नाही. सॉरी हं! गुडघा कसा आहे?

मुरबाडी_माणूस | मंगळवार, रात्री ८:४०

सरळगावच्या त्या पंक्चरवाल्याला निरोप दिला. म्हणाला, तो निपल जुगाड आहे, ठाण्यापर्यंतचा होता, ऐरोलीपर्यंतचा नाही. बदलून टाका.

शाईनवाला_कळवा | मंगळवार, रात्री १०:२०

ताई, अण्णांना विचारलं. म्हणाले, पैसे कंडक्टरनं भरले आणि बकरीवाल्यानं पुढच्या आठवड्यात डेपोत येऊन त्याला अर्धे दिले. गुडघ्याला काल दिवसभर शेक चालू होता, आज सकाळी खाली जाऊन दूध घेऊन आले.

मुरबाडीदादा, नवीन केबल आज टाकून घेतली. जेवताना अण्णांनी विचारलं, "केबल टाकलीस?"

टाकली म्हटलं.

"आणि शेजारी दुसरी?"

उद्या शिफ्ट सुटली की जातो.